तालमींतील तरफ

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, हिंजवडी नांवाचें गांव आहे. एका पिढीपूर्वीं हें नांव पुणें शहरांतील पुष्कळांच्या कानांवरून गेलेंही नव्हतें. आज तें परदेशांतील व्यापारी पेढ्यांच्या पत्रव्यवहारांत नित्य येतें. शेतांच्या जागीं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसलें, आणि हजारों तरुण-तरुणी दिवसाचे आठ-दहा तास संगणकापुढें बसून काम करूं लागलीं. परंतु गांवचें दैवत जो म्हातोबा, त्याचें बगाड अजूनही चैत्री पौर्णिमेस निघतें आणि वाजतगाजत वाकडपर्यंत जातें. मुळशी-मावळांत जत्रा म्हटली कीं कुस्त्यांचा आखाडा तिच्याबरोबर आलाच. ह्याच तालुक्यांत भूगांव येथें २०१७ सालच्या डिसेंबरांत 'महाराष्ट्र केसरी' किताबाच्या कुस्त्या झाल्या. हिंजवडीपासून जवळच, बालेवाडीस, १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलेलें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल आहे; तेथें २०२० च्या जानेवारींत तोच किताब हर्षवर्धन सदगीर ह्या मल्लानें मिळविला.

अशा रीतीनें एकाच परिसरांत दोन प्रकारचे जाणते लोक राहतात. एकाला गतीचीं समीकरणें तोंडपाठ आहेत. परंतु जड पेटी उचलतांना कंबर कशी धरावी हें त्याला ठाऊक नसतें. दुसरा समोरच्या पहिलवानाचा तोल कोणत्या क्षणीं गेला हें डोळे मिटून सांगेल. परंतु तोल म्हणजे काय हें कागदावर मांडा म्हटलें तर तो हंसून मान हलवील. वस्तुतः दोघांजवळचें ज्ञान एकच आहे. खेळांत बळ किती आहे ह्याला महत्त्व आहेच. परंतु तें बळ कोठें, कोणत्या दिशेनें व किती वेळ लावलें ह्याला त्याहून अधिक महत्त्व आहे. हा विचार केवळ पंडितांचा नाहीं. 'मुलगा अंगानें किरकोळ आहे, त्याला खेळांत कशाला घालावयाचें?' असें म्हणणाऱ्या आईबापांशीं त्याचा संबंध आहे. आणि आठवडाभर खुर्चींत बसून रविवारीं एकदम मैदानावर उतरणाऱ्या व सोमवारीं खांदा धरून बसणाऱ्या गृहस्थाशींही तितकाच आहे.

प्रथम तरफ म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. बगाडाची रचना डोळ्यांपुढें आणावी. उभ्या खांबावर एक लांब लाकूड आडवें बसविलेलें असतें. खांब हा टेकू. लाकडाच्या एका टोकाला माणसाचा भार. दुसऱ्या टोकाला दोर धरून ओढणाऱ्या गांवकऱ्यांचा जोर. टेकू मध्यें, आणि भार व जोर दोन बाजूंस, हा तरफेचा पहिला प्रकार. दुसरा प्रकार पानाच्या तबकांत सांपडतो. अडकित्त्याचा सांधा एका टोकाला, हाताची पकड दुसऱ्या टोकाला, आणि सुपारी मध्यें, सांध्याच्या जवळ. येथें भार मध्यें आहे. तिसरा प्रकार चुलीपाशीं असतो. निखारा उचलावयाच्या चिमट्याचीं दोन पातीं मागच्या टोकाला जोडलेलीं असतात, निखारा पुढच्या टोकाला, आणि बोटांचा दाब मध्यें. ह्या तीन वस्तु ज्यानें नीट पाहिल्या त्याला तरफेचें निम्में शास्त्र आलें.

उरलेल्या निम्म्या शास्त्राचा नियम ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सिराक्यूज येथील आर्किमिडीज ह्यानें सिद्ध करून ठेविला आहे. भाराला त्याच्या टेकूपासूनच्या अंतरानें गुणावें. जोराला त्याच्या टेकूपासूनच्या अंतरानें गुणावें. हे दोन गुणाकार सारखे झाले म्हणजे तरफ समतोल राहते. सुपारी सांध्यापासून दोन बोटें व मूठ दहा बोटें अंतरावर असेल, तर मुठीच्या एक शेर दाबाचा सुपारीवर पांच शेर दाब होतो. मात्र निसर्ग कोणाला कांहीं फुकट देत नाहीं. दाब पांचपट झाला, पण मूठ पांच बोटें मिटावी तेव्हां पातें एकच बोट सरकतें. जोरांत जो लाभ झाला तो अंतरांत भरून द्यावा लागला. उलट चिमट्यांत बोटें थोडींशीं हललीं तरी टोंकें पुष्कळ हलतात. तेथें अंतराचा लाभ आहे व जोराची तूट आहे. खेळांतील यच्चयावत् हालचालींत हा जमाखर्च चालू असतो.

मनुष्याच्या अंगांतील बहुतेक तरफा ह्या चिमट्याच्या जातीच्या आहेत. हाताचें कोपर घ्यावें. कोपराचा सांधा हा टेकू. दंडाचा पुढचा स्नायु, ज्याला लोक बेडकुळी म्हणतात, तो सांध्यापासून सुमारें ५ सेंटिमीटरांवर हाडाला जोडलेला असतो. आणि तळहात असतो सुमारें ३५ सेंटिमीटरांवर. भाजीची ५ किलोची पिशवी कोपर काटकोनांत ठेवून धरली, तर त्या स्नायूला ५ किलोंचा नव्हे, सातपट म्हणजे ३५ किलोंचा ताण सोसावा लागतो, आणि हाताचें स्वतःचें वजन निराळेंच. ह्या व्यवहारांत निसर्गानें माणसाला फसविलें असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु तोच स्नायु एक सेंटिमीटर आंखडला कीं तळहात सात सेंटिमीटर वर येतो, आणि तोही त्याच वेळांत. म्हणजे जोर सातपट खर्च झाला, पण वेगही सातपट मिळाला. दगड भिरकावणें, चेंडू फेंकणें, लाठी फिरविणें, हें सारें ह्याच खर्चावर शक्य झालें आहे.

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यानें फार पूर्वीं ओळखली. जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा राहून पाखरें हाकणारा राखणदार गोफण वापरतो. गोफण म्हणजे हाताची वाढविलेली लांबी. हात तितक्याच वेळांत फिरतो. परंतु दगड मोठ्या वर्तुळांत फिरत असल्यामुळें त्याचा वेग त्या मानानें वाढतो. मुलांच्या विटीदांडूंत तर तरफ दोन वेळां येते. विटीचीं टोंकें निमुळतीं असतात, म्हणून तिचें मधलें अंग जमिनीवर टेकतें आणि टोंक अधांतरीं राहतें. त्या टोंकावर दांडूचा हलका टोला बसतांच विटी टेकूभोंवतीं फिरून वर उडते; आणि मग लांब केलेल्या हातानें, म्हणजे दांडूनें, तिला दूर धाडावयाचें असतें. क्रिकेटची बॅट, टेनिसची रॅकेट, हॉकीची काठी ह्या सर्व त्याच दांडूच्या बहिणी होत.

परंतु हात लांब करण्याला मर्यादा आहे. एखादी वस्तु फिरविण्यास किती कठीण जावी हें नुसत्या तिच्या वजनावर ठरत नाहीं. तें वजन मुठीपासून किती दूर आहे ह्यावर ठरतें, आणि तेंही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत. वजन तेंच ठेवून अंतर दीडपट केलें, तर फिरविण्याची अडचण सव्वादोन पट होते. तालमींतील मुद्गल ह्याच तत्त्वावर घडविलेला आहे. त्याची मूठ आंखूड व निमुळती आणि सारा भार पलीकडच्या टोकाला. त्यामुळें थोड्या वजनाच्या मुद्गलानेंही खांद्याला भरपूर व्यायाम होतो. नवशिक्याला प्रथम हलकी जोडी देणारा वस्ताद अंतराचा वर्ग करीत बसत नाहीं. पण त्याचें फळ तो जाणतो.

आतां कुस्तीकडे वळावें. उभा असलेला मनुष्य पडतो केव्हां? प्रत्येक वस्तूच्या अंगांत असा एक बिंदु कल्पितां येतो कीं जणू तिचें सर्व वजन तेथेंच एकवटलें आहे. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. ताठ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणें बेंबीच्या थोडा खालीं असतो. तेथून ओळंबा सोडला तर तो दोन पावलांनीं व्यापलेल्या जागेच्या आंत पडला पाहिजे. तो बाहेर गेला कीं देह कोसळला. कुस्तीचा निम्मा खेळ आपला ओळंबा आंत ठेवण्याचा आणि निम्मा दुसऱ्याचा बाहेर घालविण्याचा आहे.

म्हणूनच पहिलवान पवित्रा घेतो. एक मांडून पाहण्याजोगें उदाहरण घ्यावें. ८० किलो वजनाचा मल्ल पावलें जुळवून ताठ उभा आहे. ओळंब्यापासून त्याच्या पावलांची मागची कड १५ सेंटिमीटरांवर आहे. आणि त्याच्या छातीला, जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंचीवर, समोरून धक्का दिला. टाच हा टेकू धरला तर ८० ला १५ नें गुणून १३० नें भागावें. उत्तर सुमारें ९ येतें. म्हणजे ९ किलो वजनाइतका सावकाश रेटा त्याला मागें कलंडविण्यास पुरे. तोच मल्ल एक पाय मागें टाकून, गुडघे वांकवून खालीं बसला, टेकू ४० सेंटिमीटर मागें गेला आणि छाती ९० सेंटिमीटरांवर आली, तर हाच रेटा सुमारें ३५ किलोंचा लागतो. मल्ल तोच, वजन तेंच, स्नायु तेच. केवळ उभें राहण्याच्या रीतीनें तो जवळजवळ चौपट भक्कम झाला. तालमींत नव्या मुलाला पहिले कित्येक दिवस नुसता पवित्राच करावयाला लावतात, त्याचें मर्म ह्या भागाकारांत आहे.

हा पाया मोडण्याची युक्ति म्हणजे पट. एकेरी पटांत प्रतिस्पर्ध्याचा एक पाय उचलला जातो. त्याबरोबर दोन पावलांमधील जागा नाहींशी होऊन उरते एका तळव्याएवढी जागा. ओळंबा त्या तळव्यावर धरून ठेवणें हें मोठ्या ताकदीच्या माणसालाही फार वेळ जमत नाहीं. ज्याच्या अंगांत अडीच मणांचा बोजा उचलण्याची धमक आहे, तोही एका पायावर लंगडतांना पोराच्या धक्क्यानें पडतो.

धोबीपछाड तर तरफेचा आदर्शच होय. प्रतिस्पर्ध्याचा हात पक्का धरून मल्ल गरकन पाठ फिरवितो, आपली कंबर त्याच्या पोटाखालीं घालतो आणि हात खालीं खेंचून त्याला पाठीवरून पुढें टाकतो. धोबी कपडा दगडावर आपटतो तसा. येथें मल्लाची कंबर हा टेकू. टेकूच्या एका बाजूस प्रतिस्पर्ध्याचें वरचें अंग व ओढलेला हात, दुसऱ्या बाजूस त्याचे पाय. त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित् पुढें गेला कीं उरलेलें काम पृथ्वीचें आकर्षण आपण होऊनच करतें. परंतु कंबर पुरेशी खालीं गेली नाहीं, प्रतिस्पर्ध्याच्या बेंबीच्या वर राहिली, तर टेकू चुकला. मग समोरच्याचें सगळें वजन नुसत्या खांद्यांनीं उचलावें लागतें, डाव फसतो आणि पुष्कळदां पाठही दुखावते. ह्यावरून एक मनोरंजक गोष्ट दिसून येते. ठेंगण्या मल्लाला ह्या डावांत उंच मल्लापेक्षां कमी वांकावें लागतें. ज्याला लोक उणीव समजतात, ती योग्य डावांत बेरीज होते.

ह्याचें अत्यंत उज्ज्वल उदाहरण महाराष्ट्रानेंच जगापुढें ठेविलें आहे. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ गोळेश्वर हें गांव आहे. तेथें १९२६ सालीं जन्मलेले खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत सर्वांत हलक्या वजनगटांत खेळले व सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटम गटांत त्यांनीं ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांचा आवडता डाव ढाक. ह्या डावांत प्रतिस्पर्ध्याची मान बगलेंत पकडून त्याला कंबरेवरून फेंकतात. तरफेच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचें रहस्य उघड आहे. टेकू कंबरेपाशीं, आणि उभ्या देहांत कंबरेपासून वर सर्वांत दूरचें टोंक म्हणजे डोकें. दाराच्या बिजागरीजवळ रेटून दार हलत नाहीं, तेंच कडेला बोट लावलें कीं फिरतें. तद्वत् कंबर धरून ओढण्यापेक्षां मान धरून ओढली म्हणजे देह थोड्या जोरानें फिरतो. शिवाय वजनगटांच्या कुस्तींत दोन्ही मल्ल वजनानें जवळजवळ सारखेच असतात. तेथें अधिक वजनाचा आधार कोणालाच नसतो. जो जोर आहे तो कोठें लावावा ह्याचाच निकाल लागतो.

इतका वेळ तोलाचा विचार झाला. आतां गतीचा. सर आयझॅक न्यूटन ह्यानें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गतीचे तीन नियम सांगितले. ते शाळेंत पाठ करावयाला कठीण वाटतात, परंतु मैदानावर ते उघडे दिसतात.

पहिला नियम असा कीं, बाहेरून कांहीं बळ लागलें नाहीं तर चालती वस्तु सरळ रेषेंत त्याच वेगानें चालत राहते. खोखोचा पाठलाग करणारा गडी हें पूर्ण जाणून असतो. एकदां धरलेली दिशा त्याला मध्येंच बदलतां येत नाहीं. खांबाशीं जाऊन वळावें लागतें. पळतां पळतां वळावयाचें म्हणजे देहाला सतत आंतल्या बाजूस खेंचणारें बळ पाहिजे. ५५ किलो वजनाचा गडी सेकंदाला ३ मीटर वेगानें एक मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरला, तर त्याला सुमारें ५० किलो वजनाइतकी आंतली ओढ लागते. वेग दुप्पट केला तर ही ओढ दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे २०० किलोंच्या घरांत जाते. ती बुटाच्या घर्षणानें मिळणें अशक्य. म्हणून कसलेला गडी खांबापाशीं येतांना वेग थोडा आवरतो, अंग आंत झुकवितो आणि हातानें खांबाला धरून ओढ मिळवितो. जानेवारी २०२५ मध्यें दिल्ली येथें खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तींत पुरुष व महिला ह्या दोन्ही विभागांत भारतानें अजिंक्यपद मिळविलें; आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही संघनायक महाराष्ट्राचे होते. ज्यांनीं ते सामने पाहिले त्यांनीं खांबावरचीं वळणें आठवून पाहावीं.

दुसरा नियम बळ, वेग व वेळ ह्यांचा हिशेब सांगतो. क्रिकेटच्या चेंडूचें वजन सुमारें १६० ग्रॅम. तो सेकंदाला ३० मीटर वेगानें आला आणि ताठ धरलेल्या हातांनीं त्याला ५ सेंटिमीटरांत थांबविलें, तर तळहातावर सरासरीनें १४५ किलो वजनाइतका आघात होतो. तेच हात चेंडूबरोबर मागें घेऊन त्याला २५ सेंटिमीटरांत थांबविलें, तर आघात ३० किलोंहूनही कमी होतो. चेंडू दोन्ही वेळां थांबलाच. परंतु पहिल्या वेळीं बोट मोडण्याची भीति, आणि दुसऱ्या वेळीं झेल हातांत. कुस्तीचा हौद हाही एक मोठा तळहातच आहे. तालमींतील तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मऊ करतात आणि कुस्तीपूर्वीं खोऱ्यानें उकरून सैल करतात. एक मीटर उंचीवरून पडणारा देह कठीण जमिनीवर एका सेंटिमीटरांत थांबला, तर त्याला वजनाच्या सुमारें शंभरपट मार बसतो. माती पांच सेंटिमीटर दबली, तर वीसपट. आजच्या गादीचें कामही हेंच. ज्या घरांतील मुलें फरशीवर कोलांट्या मारतात, त्या घरच्या वडील माणसांनीं हे दोन आंकडे लक्षांत ठेवावे.

तिसरा नियम म्हणजे प्रत्येक बळास तितकेंच उलट बळ असतें. हिंजवडीच्या कंपन्यांत वार्षिक संमेलनाच्या दिवशीं रस्सीखेचीचा सामना बहुधा असतोच. ज्या संघाचे हात बळकट तो जिंकतो अशी सर्वांची समजूत असते. पण दोरीच्या मध्यें ताणकांटा बसविला तर तो दोन्ही संघांची ओढ जवळजवळ सारखीच दाखवील. कारण एका टोंकाला जितकी ओढ, तितकीच दुसऱ्या टोंकाला. मग जिंकतो कोण? जो जमिनीला अधिक रेटतो तो. संघाला मागें नेणारें बळ दोरींतून येत नाहीं. तें जमिनीकडून येतें. पावलें जमीन पुढें ढकलतात आणि जमीन पावलांना मागें ढकलते. म्हणून जड माणसें, खडबडीत तळांचे बूट, टाचा रोवून मागें झुकलेलें अंग, आणि सर्वांचा एकाच हाकेला लागणारा जोर, हीं चार ज्यांच्याजवळ असतात त्यांचा जय होतो. अंग मागें झुकल्यानें गुरुत्वमध्य टाचांच्या मागें जातो व दोरीच्या ओढीला तोलून धरतो. १९०० ते १९२० पर्यंत रस्सीखेच हा ऑलिंपिकमधील खेळ होता हें आज थोड्यांना ठाऊक आहे.

रस्सीखेचींत घर्षण मित्र असतें, तर मल्लखांबावर त्याला आवरावें लागतें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधर ह्यांनीं ह्या व्यायामाला जें रूप दिलें, तें पुढें महाराष्ट्रभर पसरलें. गुळगुळीत खांबाला एरंडेल तेल लावतात तें अशासाठीं कीं, पकड सुटूं नये पण कातडीही सोलली जाऊं नये. मल्लखांबावर देह खांबाला बिलगलेला असेपर्यंत भार थोडा. देह आडवा ताठ केला कीं तो एकदम वाढतो. ५० किलो वजनाच्या मुलाचा गुरुत्वमध्य खांबापासून ९० सेंटिमीटर दूर गेला आणि त्याच्या दोन हातांत ५० सेंटिमीटर अंतर असलें, तर वरच्या हाताला ९० किलोंची आडवी ओढ व खालच्या हाताला ९० किलोंचा आडवा रेटा सोसावा लागतो. म्हणजे प्रत्येक हाताला स्वतःच्या देहाहून जवळजवळ दुप्पट. हें दृश्य पाहून टाळ्या वाजविणाऱ्यांना ह्या आंकड्यांची कल्पना नसते. आणि घरीं खिडकीच्या गजाला धरून तसें करूं पाहणाऱ्या मुलाला तर नसतेच नसते.

ह्या सर्वांतून घरोघरीं उपयोगी पडणारे कांहीं धडे निघतात. पहिला बॅटीविषयीं. 'पुढल्या वर्षींही चालेल' म्हणून आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची बॅट घेऊन देणें ही काटकसर महाग पडते. लांबी व वजन दोन्ही वाढल्यामुळें ती फिरविण्यास कित्येक पट कठीण होते. मूल मग मनगटानें व खांद्यानें तिला ओढूं लागतें, त्याची ढब बिघडते आणि कोवळे सांधे दुखावतात. मुलाच्या उंचीची व त्याला एका हातानें सहज उचलतां येईल इतकी हलकी बॅट हीच त्याची बॅट.

दुसरा धडा खुर्चींत बसणाऱ्यांसाठीं. पाठीचा कणा हीही एक तरफ आहे. कण्याच्या मागचे स्नायु टेकूपासून सुमारें ५ सेंटिमीटरांवर असतात. १० किलोंची पेटी अंगाशीं, २० सेंटिमीटरांवर धरली, तर त्या स्नायूंना तिच्यापायीं ४० किलोंचा ताण पडतो. हात लांब करून ६० सेंटिमीटरांवर धरली, तर १२० किलोंचा. पहिलवान जड गोणी नेहमीं गुडघ्यांत वांकून व छातीशीं लावून उचलतो त्याचें कारण हेंच. रविवारीं मैदानावर उतरणाऱ्यानें हेंही स्मरावें कीं चेंडू फेंकतांना वेग एकट्या खांद्यांतून काढावयाचा नसतो. तो पावलांतून निघावा, कंबरेंतून वाढावा, पाठींतून खांद्यांत यावा आणि शेवटीं मनगटांतून सुटावा. चाबकाची लाट मुठींतून निघून टोंकाशीं फटकारा मारते तसा. मधली एक कडी आंखडलेली असली कीं तिचा वाटा पुढच्या कडीला उचलावा लागतो. आणि बहुधा हा दंड खांदा भरतो.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आईबापांसाठीं व शिक्षकांसाठीं आहे. लांब हातांच्या मुलाला फेंकीत लाभ, तर आंखूड व जाड बांध्याच्या मुलाला तोलांत लाभ. उंच मुलगी चेंडू उंचावरून टाकील, ठेंगणी मुलगी खोखोच्या खांबावर चटकन वळेल. अंगाच्या प्रत्येक ठेवणींत कोठें तरी लाभ आहे व कोठें तरी तूट आहे. ज्या खेळांत लाभ उपयोगी पडेल तो खेळ शोधून देणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे. मुलाला 'तूं अशक्त आहेस' असें सांगून घरीं बसविणें हा केवळ निष्ठुरपणा नाहीं, तें अशास्त्रीय आहे. खाशाबांना कोणी उंची व वजन पाहून परत पाठविलें असतें, तर देशाचें एक पदक गोळेश्वरच्या वाटेवरच राहिलें असतें.

शाळांनींही ह्या बाबतींत एक पाऊल उचलण्यासारखें आहे. तरफेचा धडा फळ्यावर काढून दाखविण्यापेक्षां वर्गाला मैदानावर न्यावें. दाराची कड व बिजागरी, विटी व दांडू, रस्सीखेचीचा दोर, एका पायावर उभा राहिलेला विद्यार्थी, एवढी सामग्री पुरे. एक पैचा खर्च नाहीं. गणितांत मागें पडणारा पण खेळांत तरबेज असा मुलगा त्या दिवशीं वर्गाचा गुरु होईल, आणि पुस्तकांत पहिला येणारा मुलगा त्याच्याकडून पवित्रा शिकेल.

हिंजवडींतील अभियंत्याला जत्रेच्या आखाड्यापर्यंत जावयास फार वेळ लागत नाहीं. तेथें गर्दींत उभें राहून कोण जिंकला एवढेंच न पाहतां, कोणाचा टेकू कोठें होता, ओळंबा केव्हां सुटला, माती किती दबली, हें त्यानें पाहावें. आणि कुस्ती संपल्यावर वस्तादाजवळ बसून चार प्रश्न विचारावे. वस्तादानेंही आपल्या पट्ठ्यांना डावाबरोबर त्याचें कारण सांगावें, म्हणजे दुखापती कमी होतील आणि डाव लवकर बसेल. असें झालें तर तालमींतील विद्या कागदावर उतरेल, कागदावरची विद्या अंगांत उतरेल, आणि दोन्हींचा लाभ पुढच्या पिढीच्या मुलांना मिळेल.